गादीतली सुई

सुई वापरून झाली की गादीच्या कडेला खोचायची, ही चारुलता सिस्टरची सवय. हात मोकळे राहतात म्हणे! ती नंतर काढायचं मात्र कुणाच्या बापाला आठवत नसे. नागपूरच्या त्या दवाखान्यात बावीस वर्षं आयाचं काम करणाऱ्या प्रयागबाईला अशा सुया कितीदा टोचल्या होत्या. बोट चोखायचं आणि कामाला लागायचं.

या वेळी मात्र खाट कोराडीच्या ट्रकवाल्याची होती. अठ्ठ्याऐंशी साल ते. त्याचा एड्सचा रिपोर्ट आल्यापासून डॉक्टरही दारातूनच "कसं काय?" विचारत. चादर ओढताना सुई प्रयागबाईच्या अंगठ्यात पार आत गेली.

"सिस्टर, तुमची सुई टोचली मले. माह्यं रगत तपासा."

"माझी? मी नाही बाई गादीत सुया खोचत."

धडधडीत खोटं! प्रयागबाई दवाखान्याच्या मेट्रनबाईंकडं गेली, तर त्यांनी कागदच पुढं केला. 'माझ्याच निष्काळजीपणानं टोचलं' असं लिहून दिलं, तरच रक्त तपासायला जाणार. चोर तो चोर, वर शिरजोर! प्रयागबाईला शिसारी आली. पण घरी लेक बाळंत झालेली, आठ दिवसांचा नातू. त्याला मांडीवर घ्यावं की नाही, तेच तिला कळेना. तिनं सही केली.

डॉक्टरांनी दोन-दोन हातमोजे चढवून रक्त काढलं. म्हणाले, "आत्ता नक्की कळायचं नाही. तीन महिन्यांनी पुन्हा तपासू."

"तवर नातवाले घेऊ का नको?"

"घ्या की. घेतल्यानं काही होत नाही," असं म्हणून ते कोपरापर्यंत हात धुवायला लागले.

दुपारी मेट्रनबाईंनी बोलावलं. चारुलता शेजारीच उभी होती.

"उद्यापासून ट्रकवाल्याची खोली तूच करायची. पुढं तसले पेशंट येतील, त्यांचंही."

"मीच काहून?"

"तुला टोचलंच आहे ना आता? मग दुसरीला कशाला धोक्यात घालायचं?" मेट्रनबाई अगदी समजुतीनं म्हणाल्या. चारुलतानं मान डोलावली.

ट्रकवाल्याचं हगणं-मुतणं काढताना प्रयागबाईला कधी किळस आली नव्हती. या दोघींची आली. ती तिथंच, मेट्रनबाईंच्या टेबलावर, भडाभडा ओकली.

पदरानं तोंड पुसून ती म्हणाली, "घ्या, पुसा तुमीच. रगत नाही त्यात."