चौदा नंबरची खुर्ची

चष्मेवाल्याने रिमोटचं बटण दाबलं आणि कप्तानाचा हात दाराच्या दांड्यावर तसाच थांबला. त्याने चित्र थोडं मागे नेलं, पुन्हा पुढे आणलं, पुन्हा थांबवलं. सकाळपासून ही सातवी खेप होती. दुकानाला साप्ताहिक सुट्टी होती, आणि सुट्टीच्या दिवशी माणसाने काय करावं हे दुसऱ्या कोणी सांगू नये, असं त्याचं मत होतं.

खिडकीजवळच्या टेबलावर त्याची बायको एका जुन्या शब्दकोशाच्या पाठीला कापडी पट्टी चिकटवत बसली होती. ती ग्रंथालयात पुस्तकं बांधायची आणि फारच खिळखिळं झालेलं एखादं घरी घेऊन यायची.

"अडीच सेकंद," तो म्हणाला. "बरोबर अडीच सेकंद थांबतो तो."

"तीस वर्षं तेवढाच थांबतोय," मान वर न करता ती म्हणाली.

खरं होतं ते. त्या जुन्या चित्रपटात अंतराळयानात आग लागते, पाचव्या दारापलीकडे कप्तानाचा मित्र अडकतो, आणि दार लावलं नाही तर अलीकडचे चाळीस जण मरणार असतात. कप्तान दांड्यावर हात ठेवतो, क्षणभर थांबतो आणि दार लावतो. मित्र केव्हाच गेला असं तो धरून चाललाय, हे थांबणं म्हणजे मित्राला दिलेला निरोप, असं समजून चाहत्यांनी तीस वर्षं डोळे पुसले होते. दोन आठवड्यांपूर्वी प्रीक्वेल, म्हणजे त्याआधीची गोष्ट सांगणारा नवा चित्रपट, आला. त्यात हे दोघे ऐन पंचविशीतले, आणि कप्तान स्वतःच्या हाताने मित्राच्या पोशाखात हवेची जादा नळी बसवून देताना दिसतो. तासभर पुरेल एवढी. म्हणजे दारापलीकडचा माणूस जिवंत आहे हे त्याला ठाऊक होतं. जुन्या चित्रपटातली एकही चौकट कोणी बदलली नव्हती, तरी तो चित्रपट आता पूर्वीचा राहिला नव्हता.

चाहत्यांच्या मंडळात यावरून उभी फूट पडली होती. निम्मे लोक म्हणत होते की नवा चित्रपट मोजायचाच नाही. उरलेले निम्मे सुतावरून स्वर्ग गाठत होते. चष्मेवाल्याचं दुखणं मात्र वेगळंच होतं. प्रीक्वेल बघून बाहेर पडताना बायको पायऱ्यांवर सहज बोलून गेली होती,

"मला पहिल्यापासून वाटत होतं, त्याला माहीत आहे म्हणून."

तेव्हापासून त्याला घास गोड लागत नव्हता. कारण हा चित्रपट त्याला पहिल्यांदा सांगितला होता तो तिनेच. त्याची आणि तिची ओळखच तिथली. बाहेर 'हाऊसफुल्ल'ची पाटी, याला ऐन वेळी एका अनोळखी माणसाकडून तिकीट मिळालेलं, शेजारच्या खुर्चीवर ही. मध्यंतरानंतर स्फोटाचा आवाज झाला तसा हा दचकला आणि याचा चष्मा उडून खुर्च्यांखाली गेला. चष्मा नसला की याला समोरचा हत्तीही दिसायचा नाही. शेवटची वीस मिनिटं तिने त्याला कुजबुजत सांगितली होती. आणि दाराच्या प्रसंगाला ती म्हणाली होती, "थांबलाय. त्याला वाटतंय, मित्र गेला. लावलं दार." हे शब्द त्याला पाठ होते.

"तेव्हा तू मला वेगळंच सांगितलं होतंस," तो आता म्हणाला.

"तू ढसाढसा रडत होतास. तुला आणखी काय सांगणार?"

ती डिंकाची बाटली बंद करून आत गेली. चष्मेवाला पडद्यावरच्या हाताकडे बघत राहिला. तीस वर्षं ही बाई आपल्या शेजारी बसून एक चित्रपट बघते आणि आपण दुसराच बघतो, आणि हिला ते माहीत असतं. मग आणखी काय काय माहीत असेल हिला, असं त्याच्या मनात आलं आणि त्याला स्वतःचीच लाज वाटली. पण लाज वाटली म्हणून शंका जाते थोडीच.

दुसऱ्या दिवशी त्या शंकेला खतपाणी घालायला मास्तर दुकानात आले. मास्तर गणित शिकवायचे आणि मंडळाचे चिटणीस होते. शनिवारी मंडळाने जुन्या चित्रपटाचा तिसावा वाढदिवस ठेवला होता. छोटं सभागृह, आधी चार शब्द, मग चित्रपट.

"तुझा किस्सा पाहिजेच," मास्तर म्हणाले. "तिकीटवाला, चष्मा, वहिनी. सगळं साग्रसंगीत."

किस्सा मंडळात प्रसिद्ध होता. दुकानाच्या भिंतीवर, डोळे तपासायच्या तक्त्याशेजारी, त्या दिवशीचं अर्धं तिकीट चौकटीत लावलेलं होतं. मास्तरांनी आपला नवा चष्मा नाकावर ठेवला आणि काच कशी झाली ते बघायला तेच तिकीट वाचलं.

"चौदा. आणि वहिनींची?"

"पंधरा. शेजारी, उजव्या हाताला, म्हणजे पंधराच."

"हाऊसफुल्लच्या दिवशी एकाच्या हातात जादा चौदा, आणि शेजारी पंधरावर वहिनी एकट्या," मास्तर हसले. "मग दोन्ही एकाच माणसाने काढलेली असणार की! काय राव, तुझ्या किश्श्यालाही प्रीक्वेल आहे म्हणायचा."

त्यांनी ते गंमत म्हणून टाकलं आणि काचेची तारीफ करून ते निघून गेले. चष्मेवाला मात्र हातातला फडका तसाच धरून उभा राहिला. काखेत कळसा आणि गावाला वळसा! कप्तानाच्या बोटांची हालचाल मोजणारा माणूस तो. चौथ्या प्रसंगात घड्याळ उजव्या हातात आणि पाचव्यात डाव्या हातात, हे जगात पहिल्यांदा त्याने शोधलं होतं. आणि भिंतीवर तीस वर्षं टांगलेला आकडा त्याने कधी शेजारच्या आकड्याला जोडून बघितला नव्हता. ती एकटी आली नव्हती. चौदा नंबरची खुर्ची कुणाची तरी होती, आणि त्या कुणाने ती बाहेर येऊन याच्या हातात दिली होती.

पुढचे चार दिवस त्याने बायकोला चित्रपटासारखं बघितलं. ती फोनवर बोलताना खिडकीकडे का जाते? जुनी पत्रं ठेवलेला असावा असा तो डबा वरच्याच फळीवर का? तसं त्या डब्यात विजेची बिलं निघाली, पण संशयाचं भूत एकदा मानगुटीवर बसलं की बिलांनी उतरत नाही. त्याला आठवलं की आपण हा किस्सा घरी पाहुण्यांना सांगायला लागलो, की तिकीटवाल्याच्या जागी ही हातातलं काम थांबवते. दर वेळी थांबते. त्याला वाटायचं, आपण रंगवून सांगतो म्हणून.

गुरुवारी त्याने खडा टाकून बघितला.

"त्या दिवशी तू एकटीच आली होतीस ना गं?"

"कुठल्या दिवशी?"

"कुठल्या काय! चित्रपटाच्या."

"हो, एकटीच बसले होते," ती म्हणाली. "का?"

"काही नाही. मास्तर विचारत होते."

त्याने विचारलं होतं 'आली होतीस का', आणि तिने उत्तर दिलं होतं 'बसले होते'. सरळ 'आले होते' म्हणाली असती तर त्याने मान डोलावली असती. पण कुठेतरी पाणी मुरत होतं, आणि ते कुठे हे शोधल्याशिवाय आता त्याला चैन पडणार नव्हतं. शनिवारी काय करायचं ते त्याने तिथेच, हात धुता धुता ठरवलं.

सभागृहात साठेक माणसं होती. बायको दुसऱ्या ओळीत, कडेच्या खुर्चीवर. चष्मेवाल्याने माईक हातात घेतला आणि नेहमीची सुरुवात केली. पाटी, गर्दी, आपला पडलेला चेहरा. लोक हसायच्या जागी हसले. मग तिकीटवाला आला. या माणसाला चष्मेवाल्याने वर्षानुवर्षं मीठमसाला लावून वाढवलं होतं. तो कधी बोबडा बोलायचा, कधी त्याच्या पायांत दोन वेगळ्या चपला असायच्या, कधी तो पोट धरून हसत असायचा. आज चष्मेवाला लोकांकडे न बघता दुसऱ्या ओळीच्या कडेला बघत होता.

"आणि मंडळी," तो म्हणाला, "इतकी वर्षं मी एक गोष्ट सांगितलीच नाही. तिकीट देताना तो माझ्या कानाशी आला आणि म्हणाला, आत पंधरा नंबरवर एक मुलगी बसलीये. तिला सांगा, मी आलो होतो."

सभागृहात हशा पिकला. कुणीतरी शिट्टी वाजवली. दुसऱ्या ओळीत बायकोचा हात पुढच्या खुर्चीच्या पाठीवर गेला आणि तिने ती घट्ट धरली. तिचा चेहरा इतका उतरला की शेजारच्या बाईने तिला पाण्याची बाटली दिली. चष्मेवाल्याचा संशय खरा ठरला होता. चोर सापडल्यावर होतो तसा आनंद त्याला व्हायला हवा होता, पण त्याला पुढचं वाक्य आठवेना. चष्म्याचा भाग त्याने कसाबसा उरकला आणि तो खाली उतरला.

चित्रपटभर ती त्याच्या शेजारी ताठ बसून होती. दार लागलं तेव्हा निम्म्या सभागृहाने हुंदका दिला आणि निम्म्याने नाराजीचा सूर काढला. तिने काहीच केलं नाही.

परतताना ती पुलावर थांबली. ऊन कलत आलं होतं आणि खालून गाड्या जात होत्या.

"ते खरं आहे?" तिने विचारलं.

"काय?"

"आलो होतो म्हणून सांगा, असं म्हणाला तो?"

रागवायची पाळी आपली आहे, असं चष्मेवाल्याला वाटत होतं. त्यासाठी त्याने शब्दही जमवले होते. पण तिच्या आवाजात भीती नव्हती. तिला खरोखर उत्तर हवं होतं.

"नाही," तो म्हणाला. "मी रचलं ते. तू काय करतेस ते बघायचं होतं मला."

ती कठड्याला टेकली.

"कोण होता?" त्याने विचारलं.

"आमचं ठरत आलं होतं. त्याच्या घरी पसंत नव्हतं. त्या दिवशी येऊन काय ते सांगणार होता. त्याचं तिकीट मी आधीच देऊन ठेवलं होतं." तिने पदर सारखा केला. "दिवे गेले, आणि तू आलास. तेव्हा कळलं मला, उत्तर काय ते."

"मग उठून गेली का नाहीस?"

"जाणारच होते. तुझा चष्मा पडला."

त्याला हसू आलं नाही. "मला सांगायचंस ना गं. इतक्या वर्षांत एकदा तरी."

"काय सांगू? तू तो किस्सा सांगायला लागलास की लोक पोट धरून हसायचे. आणि मी ऐकत राहायचे. कधी तो हसतोय, कधी बोबडा बोलतोय, कधी काय." ती त्याच्याकडे वळली. "त्या दिवशी त्याला शेवटचं बघितलेला माणूस तू आहेस. दर वेळी वाटायचं, या वेळी तरी हा खरं सांगेल. जीव कानात आणून ऐकायचे मी."

ती हातातलं काम का थांबवते हे त्याला आता कळत होतं, आणि ते कळणं संशयाहून वाईट होतं. आपल्याच घरात, आपल्याच तोंडाने, चहाच्या कपाबरोबर आपण हिची चेष्टा करत आलो.

त्याने खरं आठवायचा प्रयत्न केला. बोबडेपणा बाजूला काढला, चपला काढल्या, हसणं काढलं. खाली एक साधा, सडपातळ मुलगा उरला. तो हसत होता असं सांगणं अगदी सोपं होतं. हसत होता म्हटलं की तो कायमचा हलकट ठरला असता, आणि आपण कायमचे बरे. हे त्याच्या ओठांवर आलंही होतं.

"हसत नव्हता," तो म्हणाला. "बोलला काहीच नाही. तिकीट हातात कोंबलं माझ्या. पैसे द्यायला लागलो तर हात मागे घेतला." त्याने चष्मा काढून हातात घेतला. "मी जिन्यावरून वळून बघितलं. वाटलं, गेला असेल. गेला नव्हता. दाराच्या काचेला हात लावून आत बघत उभा होता. शो सुरू झाल्याची घंटा झाली तरी उभाच होता. हे मी कधी सांगितलं नाही, कारण यात हसण्यासारखं काही नव्हतं."

तिने मान हलवली. एकदा, मग पुन्हा एकदा. डोळे पुसले नाहीत, तसेच भरू दिले. मग ती चालायला लागली, आणि तोही तिच्या मागोमाग, एक पाऊल अंतर ठेवून. जवळ जावं की नाही हे त्याला कळत नव्हतं.

पुलाच्या टोकाशी ती त्याच्यासाठी थांबली.

"यापुढे नाही सांगणार मी तो किस्सा," तो म्हणाला. "कुणालाच नाही."

"सांग," ती म्हणाली. "आत्ता सांगितलास तसा. मला ऐकायचाय."