डेंग्यू होऊन गेलेला माणूस

आमच्या मालमड्डीत नळाला पाणी येतं आठव्या दिवशी. कधी नवव्या, कधी दहाव्या. त्यामुळं धारवाडच्या माणसाची ऐपत जोखायची असेल तर त्याची गाडी बघू नका, त्याच्या परसात पिंपं किती ते मोजा. आमच्याकडे दोन होती. दोन म्हाताऱ्या माणसांना ती पुरून उरत होती.

दोन हजार चौदाच्या पावसाळ्यात आमच्या ह्यांना डेंग्यू झाला. हे म्हणजे राघवेंद्र मास्तर, पस्तीस वर्षं हायस्कुलात गणित शिकवून रिटायर झालेले. आठ दिवस तापानं फणफणले, हाडं मोडल्यासारखी दुखली, गल्लीनं इतका पपईच्या पानांचा रस पाठवला की समोरच्या वेणूअक्काच्या झाडाला पान राहिलं नाही. मग बरे झाले. बरे झाले ते देवाची कृपा, पण नंतर जे मिरवायला लागले त्याला औषध नव्हतं. भाजी घ्यायला गेले तरी भाजीवालीला सांगायचे, मला डेंग्यू होऊन गेलाय म्हणून. ती बिचारी दोन मिरच्या जास्त घालायची.

"शकुंतला, हिशेब साधा आहे," मला म्हणायचे. "गोवर एकदा येतो, परत येत नाही. कांजिण्या एकदा येतात, परत येत नाहीत. तसाच हा. आपला कोटा संपला."

गणिताच्या मास्तरानं तीन उदाहरणांवरून सिद्धांत मांडला आणि त्यातलं तिसरं उदाहरण तो सिद्धांतच होता. पोरांनी असं लिहिलं असतं तर ह्यांनी पट्टी मारली असती. पण मी कोण सांगणार? माझं गणित दुधाच्या हिशेबापुरतं.

पुढच्या वर्षी मे महिन्यात आशा कार्यकर्ती गोदावरी घरोघर फिरून गेली. पिंपं उघडी ठेवू नका, दर आठवड्याला ओतून घासा, असं सांगत. ओता म्हणे! आठ दिवस वाट बघून मिळालेलं पाणी ओता. गल्लीत त्या संध्याकाळी सुतक आल्यासारखी तोंडं झाली. मग भीमण्णांच्या कट्ट्यावर बैठक भरली. भीमण्णा म्हणजे भीमसेन वकील, सगळी हयात दिवाणी कोर्टात तारखा मागण्यात गेली, त्यामुळं एखादं काम न करण्याचा मार्ग त्यांच्याइतका चटकन कोणाला सुचत नाही.

"पाणी ओतायचं कशाला?" ते म्हणाले. "डास कोणाला चावला तर भीती? ज्याला झालेला नाही त्याला. मास्तरांना तर होऊन गेलाय. त्यांचं परस मोठं आहे. सगळ्यांची जास्तीची पिंपं तिथं ठेवू. डास झाले तरी चावणार मास्तरांना, आणि मास्तरांना काही होणार नाही. काय मास्तर?"

ह्यांना ते खटकलं असतं तर मी उठून बोलले असते. पण हे तर फुलून गेले. पस्तीस वर्षांत हेडमास्तर केलं नाही कोणी, ते आता गल्लीनं पिंपांचं केलं. दोन दिवसांत आमच्या परसात अकरा निळी पिंपं उभी राहिली. ह्यांनी प्रत्येकावर खडूनं मालकाचं नाव लिहिलं, अक्षर फळ्यावरच्यासारखं सुबक. झाकणं चार पिंपांना होती, त्यातली दोन चिरलेली.

गोदावरी परत आली तेव्हा तिनं कपाळाला हात लावला. "सर, एंट दिवस नीर इट्र सोळ्ळी आगतावरी," म्हणाली. आठ दिवस पाणी ठेवलं की डास होतात, एवढंच तिचं म्हणणं.

"ओम्मे बंद्र मत्त बरंगिल्ल," हे ऐटीत म्हणाले. एकदा आला की परत येत नाही. तिनं माझ्याकडे बघितलं. मी खांदे उडवले. नवऱ्याला समजावण्याची सरकारी योजना अजून निघालेली नाही.

आता खरं सांगते. ह्या सगळ्यात मला एक गोष्ट आवडली होती, म्हणूनच मी गप्प बसले. लग्न झाल्यापासून पाणी भरायचं ते मी. नळ पहाटे पाचला येवो नाहीतर दुपारी तीनला, पदर खोचून पाइप धरायचा तो मी. हे तेव्हा पेपर तपासत असायचे. त्या वर्षी पहिल्यांदा हे म्हणाले, "तू परसात यायचं नाही. तुला झालेला नाही. पाणी मी भरतो." आणि खरंच भरायला लागले. सत्तरीचा माणूस, लुंगी गुडघ्यावर, हातात पाइप. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून चहा घेत बघायची. मी कपडे वाळत घालायला दाराबाहेर पाऊल टाकलं तरी हाकलायचे, "आत हो, आत हो." वेणूअक्का म्हणाली, "नशीबवान आहेस बाई." मीही म्हटलं, हो की, चाळीस वर्षांनी उगवलं नशीब.

ऑगस्टमध्ये ह्यांना ताप आला. मी म्हटलं, डॉक्टरकडे चला. भीमण्णांनी कट्ट्यावरूनच निकाल दिला, "साधा व्हायरल. डेंग्यू नव्हे, मास्तरांना तो होतच नाही." मग काय, वकिलानं सांगितल्यावर तापाची काय हिंमत. तीन दिवस गोळ्या घेतल्या. चौथ्या दिवशी सकाळी ताप उतरला. कपाळ गार लागलं आणि मला इतका आनंद झाला की मी शिरा केला. दोन घास खाल्ले आणि ओकले. पोटात दुखतंय म्हणाले. दुपारी हात धरला तर तोही गार. पायही गार. मी रिक्षा बोलावली. ओठ पांढरे पडलेला माणूस मला म्हणत होता, "ताप नाही ना आता, मग रिक्षा कशाला?"

हुबळीच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथला डॉक्टर तरुण होता, भराभर लिहीत होता. त्यानं विचारलं, "पूर्वी कधी डेंग्यू झाला होता?"

"हो, झाला होता की. गेल्याच वर्षी," मी म्हटलं. मला वाटलं, आता हा पेन ठेवेल, हसेल आणि घरी जा म्हणेल. त्यानं पेन ठेवलं खरं. पण हसला नाही. नर्सला हाक मारून आधी सलाइन लावायला सांगितलं.

नंतर बाहेर येऊन त्यानं मला बाकावर बसवून समजावलं. डेंग्यू एक नाही, चार आहेत. एक झाला की तो एक परत येत नाही, बाकीचे तिघे येतात. आणि पहिल्या वेळी अंगानं जे पहारेकरी तयार केलेले असतात, ते दुसऱ्याला ओळखीचा समजतात, पण त्याला धरून ठेवायची ताकद त्यांच्यात नसते. उलट हाताला धरून घरात घेऊन जातात. त्यामुळं दुसऱ्या वेळचा पहिल्यापेक्षा वाईट होऊ शकतो, आणि धोका ताप उतरल्यावर सुरू होतो. मी शिरा करत होते तेव्हा.

"एकदा झालेल्या माणसानं जास्त जपायला हवं, आजी," तो म्हणाला. मला अकरा पिंपं आठवली. त्याला काय सांगणार? आमच्या गल्लीत शिकलेली माणसं राहतात, असं?

माझंही अंग कसकसत होतं, म्हणून जाता जाता नर्सनं माझंही रक्त काढून घेतलं. हे तिसऱ्या दिवशी पहाटे गेले. शेवटी भान होतं तेव्हा मला विचारलं, पाणी आलं का. मी म्हटलं, आलं. आलेलं नव्हतं.

भीमण्णा भेटायला आले, डोळे पुसत म्हणाले, "अपवाद, वहिनी. लाखात एखादा अपवाद." त्यांच्या नावाचं अर्धं उरलेलं पिंप मी त्याच दुपारी त्यांच्या कट्ट्यासमोर ओढत नेऊन आडवं केलं. पाणी गटारापर्यंत गेलं, गल्ली दारात उभी राहून बघत होती. वेणूअक्का पायऱ्या उतरून माझ्यामागं आमच्या परसात आली आणि दुसऱ्या पिंपाला हात लावला.

पंधरा दिवसांनी कागद आणायला हुबळीला गेले तर तोच डॉक्टर भेटला. त्यानं माझा रिपोर्ट काढला. ताजं काही नाही म्हणाला. "पण तुम्हालाही पूर्वी एकदा होऊन गेलाय."

"मला? छे. मला कधी झाला?"

"पुष्कळांना कळतही नाही. जरा अंग दुखतं, निघून जातं." मला गेल्या वर्षीचे दोन दिवस आठवले. ह्यांच्या अंथरुणाच्या चादरी धुऊन पाठ भरली असेल असं मी समजले होते. ह्या वेळी परसातल्या पिंपांचं आणि हे मला तिकडं फिरकू देत नव्हते त्याचंही त्याला सांगून टाकलं.

"तुम्ही त्या साठवलेल्या पाण्याजवळ जात नव्हता ना?" त्यानं विचारलं. "नशीब म्हणायचं. गेला असता तर तुम्हालाही तोच धोका होता."

नशीब नव्हे. लुंगी गुडघ्यावर घेऊन माझा माणूस दारात उभा असायचा, आत हो म्हणायचा. सगळा हिशेब चुकलेला होता, एकही पायरी बरोबर नाही, आणि उत्तर बरोबर आलं. हे त्यांना कळलं असतं तर मला जगू दिलं नसतं, रोज सकाळी भाजीवालीपासून सुरुवात केली असती. मी ऐकलं असतं हो. रोज ऐकलं असतं.