दहा हजार बनावट हृदयं

आमच्या डॉक्टर योगीराज सरांनी नवं सॉफ्टवेअर आणलं त्या दिवशी आमच्या एमआरआय मशीनची पूजा झाली. हळदकुंकू, हार, पेढे, सगळं साग्रसंगीत. नारळ तेवढा बाहेर फोडला, कारण कोयता आत नेला असता तर मशीनच्या चुंबकानं तो सरांच्या हातातून हिसकून घेतला असता. मी शीला, परभणीतल्या या सेंटरची टेक्निशियन. पेढे मीच वाटले.

आता हे सॉफ्टवेअर करतं काय? झटका येऊन गेला की हृदयाच्या स्नायूवर व्रण राहतो. तो बघायला शिरेतून औषध द्यायचं, दहा मिनिटं थांबायचं, मग व्रण पांढरा दिसतो. पण एवढी फुरसत कुणाला हाय? सॉफ्टवेअर सुई न टोचताच, औषध दिलं असतं तर फोटो कसा आला असता, तो फोटो स्वतःच बनवून देतं. म्हणजे न झालेल्या तपासणीचा निकाल! आणि ते शिकलं कशावर? तर खऱ्या रुग्णांचे फोटो कमी पडले म्हणून कॉम्प्युटरनंच बनवलेल्या दहा हजार बनावट हृदयांवर. त्यातलं एकही कधी धडधडलं नव्हतं. सर हे फार अभिमानानं सांगायचे.

गेल्या सोमवारी माझी माय आली. दगडाबाई, मुक्काम झरी. कापूस वेचताना दम लागायलाय, पाय सुजायलेत, म्हणून परमेश्वरदादानं मोटारसायकलवर बसवून आणलेली. दादा माझा थोरला भाऊ. बैलानं एक वेळ वैरण सोडली तर जिंतूरहून डॉक्टर आणतो. मायला आणायला त्याला फक्त दोन महिने लागले.

तिला मशीनमध्ये घातलं. सॉफ्टवेअर म्हणालं, व्रण नाही.

"म्हणलो न्हाई का," दादा म्हणाला. "वयाचं हाय समदं. चल माय, उरलेलं रान उद्या वेचून घेऊ."

मी मात्र साधी फिल्म बघत होते, ज्यात हृदय हलताना दिसतं. बाकीचं हृदय कामाला जुंपलेलं आणि खालची भिंत पाहुण्यासारखी नुसती बसलेली.

"सर, औषध देऊन बघू."

"शीला, सॉफ्टवेअर दहा हजार हृदयांवर शिकलंय. तू किती बघितलीस?"

"त्या दहा हजारांत बाया किती हायेत सर?"

सर हसले. हसत हसतच त्यांनी कंपनीची कागदपत्रं उघडली, आणि मग हसायचे थांबले. दहा हजार हृदयं बनवली होती एकशे चाळीस खऱ्या माणसांवरून. त्यात बाया नऊ. नऊच्या नऊ ठणठणीत. म्हणून बनवलेल्या शेकडो बायांतही व्रणवाली एक नाही. वा! केवढी निरोगी जमात आमची! अहो, बाईच्या छातीत दुखलं तर तिला मशीनपर्यंत आणतं कोण?

औषध झेपेल ना म्हणून सरांनी मायचा किडनीचा रिपोर्ट बघितला आणि ते द्यायला सांगितलं. सुई मीच टोचली. "गार लागायलंय गं," माय म्हणाली.

ती दहा मिनिटं मी देवाला एकच मागत होते. सॉफ्टवेअर खरं निघू दे, मी येडी ठरू दे.

खालच्या भिंतीवर पांढरा पट्टा आला. चांगला लांबलचक, जुना.

"मावशी," सरांनी विचारलं, "कधी छातीत जोरात दुखलं होतं का?"

"दुखलं की. मागल्या साली. घामानं लुगडं भिजलं, उलटी झाली, डावा हात भरून आला. मला वाटलं, आता काय मी राहत न्हाई."

"मग कुणाला सांगितलं नाही?" सरांनी दादाकडं रोखून पाहिलं. मीही पाहिलं, जरा जास्तच रोखून.

"परमेश्वर कापूस घेऊन मानवतला गेलता. मी हिलाच फोन लावला. ही कामात व्हती. म्हणली, पित्त झालं असंल माय, सोडा पी अन् पड जरा."

मला आठवेना. खरंच आठवेना, आणि त्याचीच मला जास्त लाज वाटली. दादा माझ्याकडं बघत होता. मला मान वर करवेना.

माय घाईघाईनं उठून बसली.

"तिला काय बोलू नका सायेब," ती म्हणाली. "सोडा पेल्यावर मला लय बरं वाटलं व्हतं."