मक्यातलं कॉलेज

माझं डोकं लवकर तापतं. बँकेत सगळ्यांना माहीत आहे, घरात तर विचारूच नका. पण त्या शनिवारी दुपारी सिंगापुरातल्या बुकित पंजांगच्या आमच्या फ्लॅटमध्ये मी जो आरडाओरडा केला, त्यामागे खरं तर लोक काय म्हणतील याची भीती होती. हे आज कळतंय. तेव्हा कळलं असतं तर कशाला एवढा तमाशा केला असता!

साल २००५. आमच्या अश्लेषाचा ओ लेव्हलचा, म्हणजे इथल्या दहावीचा, निकाल लागला होता, आणि चांगला लागला होता. ज्युनिअर कॉलेज, म्हणजे इथलं जेसी, तिला सहज मिळत होतं. दोन वर्षं जेसी, मग युनिव्हर्सिटी, सरळ रस्ता. आणि ही कार्टी म्हणते, मला पॉलिटेक्निकला जायचंय. तीन वर्षांचा डिप्लोमा. कशाचा? तर प्राण्यांच्या दवाखान्यातल्या कामाचा! पसंतीक्रमाचा फॉर्म कॉम्प्युटरवर भरायचा होता आणि त्याची मुदत त्याच संध्याकाळी संपत होती. पहिल्या नंबरवर काय टाकायचं, यावरून चार दिवस घरात महाभारत चाललं होतं.

त्यात निशिकांत आला. रॅफल्स प्लेसला माझ्याच बँकेत असतो, शेजारच्या टेबलावर. लिटिल इंडियातून पेढे घेऊन अभिनंदनाला आला होता बिचारा.

"काय मग अश्लेषा, कुठलं जेसी?"

"पॉली, अंकल."

निशिकांतच्या हातातला पेढा हातातच राहिला. "पॉली? एवढे मार्क असून?"

झालं! माझं टाळकं सटकलं. "ऐकलंस? अंकलनाही कळतंय! आपल्या घरात डिप्लोमावालं कोणी नाही आणि होणारही नाही. बाप अमेरिकेतल्या युनिव्हर्सिटीचा ग्रॅज्युएट, आणि मुलगी काय करते म्हणून सांगू लोकांना? कुत्र्यांची नखं कापते?"

अश्लेषा रडली असती तर परवडलं असतं. तिने खुर्ची कॉम्प्युटरकडे वळवली आणि सिंगापुरी पोरांच्या धेडगुजरी भाषेत म्हणाली, "ओके लाह. जेसी टाकते. हॅपी?"

तेवढ्यात सुनेत्रा, माझी बायको, स्वयंपाकघरातून बाहेर आली. हात कणकेने भरलेले. "प्रबोध, तू सांगतोस की मी सांगू?"

"काय सांगायचंय?"

"आयोवा."

जगात माझा मामा सोडून हे फक्त तिला माहीत होतं. लग्नानंतर माझ्या जुन्या कागदांत तिला एक मार्कशीट सापडली होती आणि मी तिच्याकडून वचन घेतलं होतं, कोणाला बोलायचं नाही म्हणून. अठरा वर्षं तिने ते पाळलं. आता मात्र कमरेवर हात ठेवून उभी होती, कणकेसकट. आणि अश्लेषाचं बोट माउसवर होतं.

"युनिव्हर्सिटीच्या आधी मी दोन वर्षं कम्युनिटी कॉलेजात होतो," मी म्हणालो. "सरकारी, गावाचं कॉलेज. कोणीही या, कितीही वयाचे या, मार्क कोणी विचारत नाही."

"पण तू तर म्हणायचास..." निशिकांत.

"म्हणायचो. अर्धंच सांगायचो. बस जरा."

बारावीला पुण्यात मी गणितात गचकलो. ऑक्टोबरला काठावर सुटलो, पण घरात तोंड दाखवायची सोय राहिली नव्हती. मनोहरमामा अमेरिकेत, आयोवातल्या चार हजार वस्तीच्या गावात डॉक्टर होता. त्याने मला बोलावून घेतलं. डोळ्यांपुढे उंच इमारती घेऊन गेलो, आणि बघतो तर काय, कॉलेज म्हणजे गोदामासारखी एक बसकी इमारत, तिच्यापेक्षा मोठं पार्किंग, आणि चारी बाजूंना मका. पार क्षितिजापर्यंत मका. पहिल्या दिवशी मनात म्हटलं, प्रबोध देवस्थळी, याहून खाली काही नाही बाबा.

पण काय माणसं होती, अहाहा! हॉस्टेल नव्हतं, जो तो आपापल्या गाडीने यायचा. माझ्याकडे कसली गाडी! तर वर्गातली डार्लीन मला रोज पावणेसातला घ्यायला यायची. त्रेचाळीस वर्षांची, चार पोरांची आई, घरी डुकरं पाळलेली. तिच्या पिकअपला डुकरांच्या खाद्याचा वास यायचा. पहिले आठ दिवस मी नाक दाबून बसलो, पुढे त्या वासाने भूक लागायला लागली. बर्फ पडलं की हीटर फक्त तिच्याच बाजूला चालायचा, मग ती स्वतःचे हातमोजे काढून मला द्यायची आणि वर शिव्या घालायची, की तुझ्या मामाला एवढे पैसे मिळतात, धड कोट नाही घेऊन देत का?

आणि मिसेस लिंडक्विस्ट. गणिताच्या. साठीच्या, उंच, आवाज करडा. पहिल्याच परीक्षेत माझा भोपळा बघून म्हणाल्या, कँटीनमध्ये ये. मला वाटलं, गेलो कामातून. तर बाईंनी ॲपल पायचे दोन तुकडे घेतले, एक माझ्यापुढे सरकवला आणि अपूर्णांकांपासून सुरुवात केली. चौथीतल्या पोराला शिकवतात तसे अपूर्णांक! चुकलं की फक्त एवढंच म्हणायच्या, पुन्हा कर. दोन वर्षांत त्या बाई माझ्यावर एकदाही ओरडल्या नाहीत. आज बँकेत मी जे आकडे हाताळतो ना निशिकांत, ते मला पुण्यातल्या कुठल्या क्लासने शिकवलेले नाहीत. त्या कँटीनमध्ये शिकलो मी. इतकं सुख मला पुढे युनिव्हर्सिटीतही मिळालं नाही.

"मग लपवलंस कशाला?" निशिकांतने विचारलं.

इथपर्यंत सुनेत्रालाही माहीत होतं. पुढचं तिलाही नव्हतं.

दोन वर्षं संपली, समारंभ ठरला. गाउन, टोपी, सगळं. नावं पुकारायचं काम मिसेस लिंडक्विस्टकडे. माझं नाव त्यांनी पाकिटाच्या मागे लिहून घेतलं आणि आठवडाभर कँटीनमध्ये माझ्यासमोर घोकलं. देवस्थळीतला 'स्थ' आला, पण 'ळ' काही केल्या येईना. मी हसायचो. त्या मला म्हणायच्या तेच स्वतःला म्हणायच्या, पुन्हा कर.

आदल्या दिवशी मामा म्हणाला, "हे बघ, पुण्यात मी सांगितलंय की तू युनिव्हर्सिटीत आहेस. गाउनमधला फोटो गेला की ताई तो भिंतीवर लावणार, मग लोक विचारणार, कुठलं कॉलेज? दोन वर्षं कळ काढ. खऱ्या ग्रॅज्युएशनचा फोटो पाठवू."

आणि मी नाही गेलो. मामाने काही मला कोंडून ठेवलं नव्हतं. समारंभाच्या वेळी मी त्याच्या अंगणातलं गवत कापत होतो. संध्याकाळी डार्लीनचा फोन आला. ती चिडली नव्हती. म्हणाली, "तुझं नाव तिने तीनदा घेतलं. तिन्ही वेळा बरोबर घेतलं. मग थोडा वेळ दाराकडे बघत थांबली आणि पुढचं नाव वाचलं."

त्याच आठवड्यात मी युनिव्हर्सिटीच्या गावी निघून गेलो. बाईंना भेटलो नाही, दोन ओळींचं पत्रही टाकलं नाही. तेवीस वर्षं झाली. आता त्या असतील की नाही, देव जाणे.

सुनेत्रा जागची हलली नव्हती. हातावरची कणीक वाळून गेली होती.

"बट तू पास झालेलास, व्हॉट," अश्लेषा म्हणाली. "देन व्हाय नेव्हर गो?"

"लाज वाटली."

"कशाची?"

आता काय सांगू? पण सांगितलं. "तू जिथे जायचं म्हणतेयस ना, तसल्याच कॉलेजची."

ती अगदी हळू, आणि चक्क निव्वळ मराठीत म्हणाली, "मग माझं नाव घेतील तेव्हापण तू येणार नाहीस."

"येणार!" मी केवढ्यांदा तरी ओरडलो. "पॉली टाक पहिल्या नंबरवर. मी येणार, आईला आणणार, हा निशिकांत आला नाही तर त्याला ओढत आणणार!" निशिकांतने पाण्याचा ग्लास पुढे केला.

अश्लेषाने पॉली टाकलं, पण शेवटचं बटण दाबलं नाही. खुर्ची वळवून तिने हात पुढे केला.

"प्रॉमिस कर आधी."

पोटच्या पोरीला माझ्या शब्दाचा भरवसा वाटत नव्हता. मी तिच्या हातावर हात ठेवला आणि वचन दिलं, तेव्हा कुठे तिने बटण दाबलं.