मोठ्या साच्याची बटणं

मित्रांनो, दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून त्याला टेकवून ठेवलेलं एखादं काळं, जड लोखंड तुम्ही पाहिलं असेल. कित्येक वर्षं मी तेच होते. पण माझं खरं काम दार अडवायचं नाही. मी बटणं मढवायची जुनी मशीन आहे. साच्यात कापडाची चकती ठेवायची, वर पत्र्याची टोपी, त्यावर बटणाचं मागचं बूड, आणि दांडा खाली दाबायचा. कट्ट असा आवाज होतो आणि कोटाच्याच कापडाचं बटण बाहेर पडतं.

मी घडले एका ओतकामाच्या कारखान्यात. भट्टीचा ताप सोसला, कानशीनं अंग सोलवटून घेतलं, मग काळा रंग लागला. शेवटी दांड्याला लाकडी मूठ बसली, तेव्हा मला वाटलं, आता कुणाचातरी हात येणार.

तो आला आत्याचा. ती होती एका घरची आत्या, पण सगळी गल्ली, अगदी पोस्टमनसुद्धा, तिला आत्याच म्हणायची. शिंप्याच्या दुकानाशेजारी, जिन्याखालच्या कोपऱ्यात तिनं मला एका स्टुलावर बसवलं. कामाची तिची एक रीत होती. गिऱ्हाईक कापडाचा तुकडा पुढे करी, पण आत्या तो लगेच हातात घेत नसे. आधी विचारी, "घालणार कोण?" लहान मूल म्हटलं की बारीक साचा, जाडजूड गृहस्थ म्हटलं की जरा मोठा. माणूस कळल्याशिवाय तिचा हात साच्याकडे जातच नसे.

"आत्या, मी आठ-आठ दिवस कोट शिवतो आणि लोक बटणं बघतात," शिंपी कुरकुरायचा.

"मग मी भाव खाते, तुम्ही चहा प्या," आत्या म्हणायची.

माझ्यासोबत एक भलामोठा साचाही आला होता. तो कधीच कामाला आला नाही. "याची काय डब्याला झाकणं करायची?" शिंपी हसायचा. आत्या मात्र त्याला तेलाचा हात लावून पुन्हा डब्यात ठेवायची.

किती छान दिवस होते ते! दुपारचं ऊन जिन्याच्या पायऱ्यांवर उतरायचं, कापडाच्या रंगीत चकत्या आत्याच्या मांडीभर पसरायच्या आणि तिच्या तळव्याची ऊब माझ्या मुठीत दिवसभर राहायची.

मग तयार कपड्यांची दुकानं आली. जिन्याशी पावलं थांबेनाशी झाली. शिंप्यानं दुकान विकलं, आत्या थकली आणि एक दिवस गेली. तिच्या भाच्यानं मला साच्यांच्या डब्यासकट आपल्या घरी आणलं खरं, पण जागा मिळाली ती दाराशी. कुणाचा अंगठा ठेचकाळला की बोलणी मलाच. "हे धूड एकदा भंगारात घाला!"

या भाच्याची मुलगी म्हणजे भिंगरी. हे तिचं लाडाचं नाव, कारण ती एका जागी कधी ठरतच नाही. एका सुट्टीत तिनं मला ओढत टेबलाशी नेलं. बाबांनी आठवेल तसं मला चालवून दाखवलं. पहिलं बटण पडलं आणि भिंगरी ओरडली, "मी बटणं विकणार!"

"बोट सापडेल हं त्यात," आई धावत आली. "तू नुसतं कापड धर. दांडा मी दाबते."

"मग ते बटण तुझं झालं ना आई!"

आईनं हसून दांडा दाबला. मित्रांनो, तो हात मायेचाच होता, पण मूठ सोडायला तयार नव्हता. मुलीला लागेल का, ती हरेल का, कुणी हसेल का, सगळी काळजी माझ्या मुठीत उतरायची.

भिंगरीनं इमारतीच्या दाराशी छोटं टेबल मांडलं. लोक आले, "अरे वा!" म्हणाले आणि निघून गेले. आई पडद्याआडून बघत होती. लेकीचा उतरलेला चेहरा तिला बघवेना. दुसऱ्या दिवशी मात्र वरच्या मजल्यावरच्या काकू आल्या, मग त्यांच्या मैत्रिणी आल्या आणि टेबल रिकामं झालं. भिंगरीला आभाळ ठेंगणं झालं.

दोन दिवसांनी ती काकूंकडे गेली, तर तिची बटणं कपाटावरच्या वाटीत पडलेली, गुंडाळलेला कागदसुद्धा न सोडता. "कशावर लावणार काकू?" तिनं विचारलं. काकूंना खोटं बोलता येईना. "अगं, आईनं गळ घातली म्हणून घेतली."

भिंगरी घरी आली. तिनं मला ओढत पुन्हा दाराशी नेऊन ठेवलं.

"तुला वाईट वाटू नये म्हणून केलं गं," आई म्हणाली.

"कुणी घेतली नसती तर वाईट वाटलं असतं. आता लाज वाटतेय. मला नाही करायचं काही."

दार माझ्यावर येऊन टेकलं. वाटलं, संपलं. पुन्हा काही ही पोर मला हात लावत नाही.

त्या संध्याकाळी काकूंचे यजमान, वरचे काका, खाली आले. आयुष्यभर त्यांनी घड्याळं दुरुस्त केली होती. भिंगरीची समजूत घालायला आले होते, पण एका हातानं कोट छातीशी धरूनच उभे राहिले.

"काका, कोटाची बटणं का नाही लावली?" भिंगरीनं विचारलं.

"लावायची म्हणजे अर्धा तास तुझ्या काकूशी भांडण. केसाएवढे स्क्रू धरले गं या बोटांनी. आता कोटाचं बटण धरत नाहीत."

भिंगरी त्यांच्या बोटांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "केवढं असलं तर धरेल?"

काकांनी अंगठा आणि बोट जुळवून गोल करून दाखवला. भिंगरी पळाली ती थेट डब्याकडे. तिनं तो मोठा साचा बाहेर काढला. त्यावर आत्याच्या तेलाचा थर अजून होता!

मला पुन्हा टेबलाशी ओढलं गेलं, आणि कोटाच्या आतल्या शिवणीतून काकूंनी कापड काढून दिलं. कापड जाड, दांडा काही खाली जाईना. आई उठली, हात पुढे आला, आणि मध्येच थांबला. तिनं दोन्ही हात पदरात घट्ट धरले आणि खाली बसली. भिंगरीनं टाचा उचलून सगळं अंग माझ्यावर टाकलं. कट्ट! पहिलं बटण वाकडं आलं. दुसरं चांगलं.

"अगं, पण काजं लहान आहेत!" काकू म्हणाल्या. "एवढं बटण जाणार कुठून?"

भिंगरीचा चेहरा पडला. आईचे ओठ हलले, उत्तर तिला सुचलं होतं. तरी ती बोलली नाही. भिंगरीनं दप्तराच्या झाकणाकडे पाहिलं, त्याचा दोरीचा फास ओढला, सोडला. "काजं नकोच! असे फास लावू!"

दुसऱ्या दिवशी काका दाराशी आले ते कोटाची सगळी बटणं लावून. "आता तुझ्या काकूला भांडायला दुसरं काहीतरी शोधावं लागणार," एवढंच म्हणाले. पण बागेतल्या बाकावर त्यांनी कोट कुणाकुणाला दाखवला, कोण जाणे. एकेक आजी-आजोबा येऊ लागले. कुणी स्वेटर आणला, कुणी सदरा. भिंगरीनं हातातलं कापड बाजूला ठेवलं आणि पहिल्याच आजींना विचारलं, "घालणार कोण? मला त्यांची बोटं बघायचीत."

मित्रांनो, माझं लोखंड शहारलं. हे तिला कुणीच शिकवलं नव्हतं.

तुमच्या घरी माझ्यासारखं काही धूळ खात असेल, तर भंगारात देण्याआधी त्याचा दांडा एकदा हलवून बघा. ते कुणाच्या उपयोगी पडेल, हे मात्र त्या माणसालाच जाऊन विचारा. आणि आईबाबांना माझा निरोप द्या: जवळ बसा, पण मूठ मुलांच्या हाती राहू द्या.

आता आमच्या घरचं दार वाऱ्यानं धाडकन आपटतं. आई दर वेळी दचकते. पण मला पुन्हा तिथं नेऊन ठेवायचं नाव काढत नाही.