तोंडाने कापलेली फिल्म

कात्रीमामाने एका लग्नाच्या व्हिडिओतून नवऱ्या मुलाच्या आत्याला इतकं अलगद काढलं होतं, की पुढे ती आत्याच लोकांना विचारत फिरायची, "मी त्या लग्नाला होते का हो?" एका भाषणातली शिंक त्याने कापली, तर बोलणाऱ्याची सर्दी बरी झाली. खोटं वाटत असेल तर त्या गृहस्थांना विचारा. त्यांनी तेव्हापासून रुमाल बाळगणंच सोडलंय.

खरं तर तो एका भाचीचाच मामा, पण सगळ्या गल्लीने त्याला वाटून घेतलेला. जिन्याखालच्या खोलीत त्याचं एडिटिंगचं दुकान. दोन पडदे, अक्षरं झिजून गुळगुळीत झालेला कीबोर्ड आणि मामाच्या पाठीमागे गिऱ्हाइकासाठी एक गादीची खुर्ची. त्या खुर्चीत बसलं की भल्याभल्या माणसाच्या अंगात दिग्दर्शक संचारतो. "इथे जरा गाणं टाका," "माझं पोट जरा आत घ्या," "हा शॉट अजून थोडा राहू दे." मामाने यावर एक उपाय काढला होता. गिऱ्हाईक ज्याचं कौतुक ऐकतं त्यातच लुडबुड करतं, हे त्याने ओळखलं होतं. म्हणून जे कापायचं त्याला तो तोंडभरून वाखाणायचा, आणि जे ठेवायचं त्याला नाक मुरडायचा. कॉम्प्युटरवरचे फोल्डरसुद्धा तसेच. टाकाऊ शॉट "सोनं" नावाच्या फोल्डरमध्ये, आणि जीव ओवाळून टाकावा असे शॉट "भंगार" मध्ये. गिऱ्हाईक सोन्यात खेळत बसायचं आणि मामा भंगारातून फिल्म उभी करायचा. इतकी वर्षं कुणाला पत्ता लागला नाही.

तर झालं असं, की तलावावरच्या पोहण्याच्या बाई गाव सोडून मुलाकडे कायमच्या राहायला निघाल्या. अर्ध्या गावाला त्यांनीच पाण्यात ढकललेलं. मामाही त्यातलाच. लहानपणी तो खोल पाण्यात गटांगळ्या खात होता, तेव्हा बाईंनी त्याला बखोटीला धरून वर काढलं होतं आणि वर एक धपाटाही घातला होता. विद्यार्थ्यांनी ठरवलं, निरोपाच्या दिवशी तलावाशेजारच्या सभागृहात बाईंवरची फिल्म दाखवायची. दुसऱ्या दिवशी सकाळी बाई निघणार. म्हणजे फिल्म दाखवायची ती त्याच दुपारी, नाहीतर कधीच नाही.

मामा स्वतः कॅमेरा घेऊन बाईंचा शेवटचा वर्ग टिपायला गेला. सगळी पोरं फ्रेममध्ये मावावीत म्हणून मागे मागे सरकत राहिला, आणि लहान मुलांच्या कोरड्या हौदात उताणा पडला. पडताना त्याने कॅमेरा छातीशी धरला. कॅमेऱ्याला ओरखडा नाही, मामाचे दोन्ही हात मात्र कोपरापासून बोटांपर्यंत प्लास्टरमध्ये.

"आता काय नाकाने कापू?" तो दुकानात बसून पडद्यावर डाफरत होता.

तेवढ्यात भाची आली. ती कॉम्प्युटरचंच काहीतरी शिकलेली. "नाकाने नको, तोंडाने काप," ती म्हणाली. "तुझ्या सॉफ्टवेअरला मागून एक दार असतं मामा. दुसरा प्रोग्राम त्यातून आत जाऊन हुकूम सोडू शकतो. मी त्या दाराशी एआयचा सहायक बसवते. तू बोलायचं, तो कापेल."

"म्हणजे माझ्या दुकानात भुताटकी करणार तू."

"पगार न मागणारं भूत आहे. चहा पण नको त्याला."

"मग ते विश्वासाचं नाही," मामा म्हणाला. पण सरकून बसला.

भाचीने सॉफ्टवेअर आणि सहायक यांच्यामध्ये एक छोटा दुभाषा प्रोग्राम लिहिला. सकाळभर दोघांची ओळख काही जमेना. सहायक म्हणे "काप", सॉफ्टवेअर म्हणे "काय?" एकदा तर सॉफ्टवेअर सगळे तुकडे एकावर एक रचून बसलं. शेवटी तिने काहीतरी दुरुस्त केलं, स्पीकर लावला आणि म्हणाली, "बोल."

मामाने घसा साफ केला. "ए शहाण्या, दुसऱ्या पट्टीवरचा तुकडा मधून काप."

माउसला कुणी हात लावला नाही, कीबोर्ड गप्प, आणि पडद्यावरच्या पट्टीचे झाले की दोन तुकडे! "कापला, मामा," स्पीकर म्हणाला.

मामाचे डोळे बशीएवढे झाले. "मागचा पुढे घे! आता उजेड वाढव! पाणी जरा निळं कर! एवढं नको रे, शाई सांडल्यासारखं दिसतंय!" सहायक झपाझप करत गेला. तासाभरात मामा असा रंगात आला की प्लास्टरचे हात वाद्यवृंदाला इशारे द्यावेत तसे हवेत फिरवायला लागला, आणि त्यात एक दिवा फुटला.

निरोपाच्या दिवशी सकाळी त्याला हात दाखवायला डॉक्टरकडे जायचं होतं. जाता जाता तो म्हणाला, "शहाण्या, मी येईपर्यंत चांगले चांगले शॉट घेऊन बाईंची फिल्म जोडून ठेव."

आता चांगले शॉट कुठे असणार? कोणताही सरळ मनाचा प्राणी उघडेल तोच फोल्डर सहायकाने उघडला. सोनं.

सोन्यात काय होतं? तलाव समितीच्या अध्यक्षांचं भाषण. अख्खं. तलाव बांधला कुणी, राखला कुणी, त्यात पाणी कुणी भरलं, अशा सगळ्या प्रश्नांना एकच उत्तर असलेलं भाषण. वर अध्यक्ष फीत कापताना, अध्यक्ष पाण्याकडे बघताना आणि पाणी अध्यक्षांकडे बघताना. बाई दोनदाच दिसत होत्या. त्यातल्या एकदा अध्यक्षांच्या खांद्याआडून.

मामा परत आला तेव्हा गादीच्या खुर्चीत साक्षात अध्यक्ष. फिल्म कुठवर आली ते बघायला आले होते आणि भारावून गेले होते.

"अहो कात्री! काय फिल्म केलीय!" ते डोळे पुसत म्हणाले. "यातली एक फ्रेमसुद्धा बदलायची नाही. सभागृह माझं, प्रोजेक्टर माझा, दाखवायची तर हीच. आणि दुपारपर्यंत मी इथून हलत नाही. शेवटच्या क्षणी कुणी तरी काहीतरी बिघडवतं."

मामाच्या चेहऱ्याचा रंग प्लास्टरसारखा झाला. भाचीला त्याने डोळ्यांनीच बाहेर बोलावलं आणि जिन्यापाशी सगळं सांगितलं. सोनं म्हणजे काय, भंगार म्हणजे काय.

"मामा! हे त्याला आधी सांगायला नको?"

"अगं, हे मी तुझ्या मामीलासुद्धा सांगितलं नाही. ती माझ्या स्वयंपाकाच्या कौतुकाने अजून खूश असते."

"तिच्या स्वयंपाकाच्या."

"तेच ते. आता काय करायचं? बाई उद्या जाणार. आज सभागृहात बसून त्यांनी या ढेरपोट्याचं भाषण ऐकायचं? स्वतःच्या फिल्ममध्ये?"

भाचीने फोन काढला आणि सहायकाला लिहिलं: या खोलीत गिऱ्हाईक असताना मामा जे बोलतो ते उलटं धरायचं. मागणी विद्यार्थ्यांची आहे, फिल्म बाईंची हवी. लगेच उत्तर आलं: "समजलं. म्हणजे अध्यक्ष आलेले बघून मामांना फारच आनंद झालाय."

मामा खिदळला. मग चेहरा सरळ करून आत गेला.

"साहेब," तो म्हणाला, "तुमचं मूळ भाषण या मोठ्या पडद्यावर पुन्हा एकदा पूर्ण बघू या का? मन भरत नाही हो."

अध्यक्षांना कुठे नको होतं? भाचीने मोठ्या पडद्यावर भाषण सुरू केलं. बाजूच्या पडद्यावर फिल्मची रंगीत पट्टी होती, पण स्वतःचा चेहरा समोर असताना माणूस पट्ट्या कशाला बघतो?

"वा वा वा!" मामाने सुरुवात केली. "ही तलाव बांधल्याची हकीकत! काय सुंदर! शहाण्या, याला धक्का लावू नकोस हं." बाजूच्या पट्टीवरून एक लांबलचक तुकडा गुपचूप नाहीसा झाला.

"फीत कापतानाचा शॉट तर मुकुटमणी!" मुकुटमणी गेला.

"माझ्या दातांवर जरा उजेड आलाय का?" अध्यक्षांनी विचारलं.

"साहेब, त्या दातांवरच तर फिल्म उभी आहे." दातही गेले.

"आणि शहाण्या, त्या म्हाताऱ्या बाईचं ते भंगार काय कामाचं? ती रडणाऱ्या पोराला काखेत मारून पाण्यात उतरते, तो शॉट तर अगदीच रद्दड." रद्दड शॉट अलगद पट्टीवर येऊन बसला. "लंगड्या पोरीने पहिल्यांदा या काठावरून तो काठ गाठला आणि बाईंनी तोंड फिरवून डोळे पुसले, तो तर अजिबात नको. आणि आलाच तर पटकन संपव!" तो आला आणि पट्टीवर ऐसपैस पसरला.

अध्यक्ष मान डोलवत होते. "बरोबर आहे. रडारड नकोच."

एवढ्यात स्पीकर खरखरला. "मामा, एक शंका आहे."

भाचीचा हात स्पीकरच्या बटणाकडे गेला. मामाला वाटलं, हा सरळमार्गी जीव आता विचारणार, "भाषण कापू का?" आणि संपलंच सगळं.

"अध्यक्षसाहेबांचं भाषण मला अजूनही फार तोकडं वाटतंय," स्पीकर गंभीरपणे म्हणाला. "कुठपर्यंत वाढवू?"

मामा खुर्चीतून हातभर उडाला. माझ्या मते दोन हात. छताला प्लास्टरचा पांढरा डाग अजून आहे. "वाढव रे माझ्या राजा! पार पहिल्या 'नमस्कार मंडळी' पर्यंत वाढवत ने!"

"वाढवलं," स्पीकर म्हणाला.

अध्यक्षांनी कॉम्प्युटरला हात जोडले. "केवढी समज आहे हो या यंत्राला! आमच्या समितीत एकालाही नाही."

"आणि काय साहेब, फिल्म तुम्ही पुन्हा बघणार ना?" मामाने लाडात येऊन विचारलं.

"आता थेट सभागृहातच. माझ्या माणसांमध्ये बसून."

दुपारी सभागृह गच्च भरलं. खिडक्यांत माणसं, माणसांच्या खांद्यांवर माणसं. बाई पहिल्या रांगेत, पर्स मांडीवर घट्ट धरून, हे सगळं कधी एकदा संपतं अशा चेहऱ्याने. पडदे ओढले. फिल्म सुरू झाली.

पडदाभर अध्यक्ष. "नमस्कार मंडळी!"

आणि धप्पकन पाणी! बाईंनी एका पोराला ढकललं होतं.

सभागृह असं हसलं की पडद्याच्या दोऱ्या सुटल्या. अध्यक्ष अर्धे उठले, तोंड उघडलं, पण शेजारच्याने त्यांचा हात पकडून गदागदा हलवला. "मानलं साहेब! सगळी फिल्म बाईंना दिलीत! असा अध्यक्ष बघितला नाही!" मागून टाळ्या आल्या, बाजूने आल्या. अध्यक्षांनी तोंड मिटलं, मग हळूच छाती पुढे काढली आणि खाली बसले. "बाईंसाठी एवढं तर करायलाच हवं," ते म्हणाले, आणि मला वाटतं तोवर त्यांना ते खरंच वाटायला लागलं होतं.

पडद्यावर बाई होत्या, नुसत्या बाई. पाण्यात कमरेपर्यंत उभ्या, शिट्टी दातांत, एका हाताने कुणाची तरी पाठ वर धरलेली. लंगडी पोर पलीकडच्या काठाला लागली तेव्हा सभागृहात कुणी हसत नव्हतं. बाईंच्या मांडीवरची पर्स खाली पडली, ती त्यांनी उचलली नाही. फिल्म संपली तेव्हा सगळे उभे होते आणि ओरडत होते, "पुन्हा लावा!"

मामा भिंतीशी उभा होता. टाळ्या वाजवता येईनात, म्हणून दोन्ही प्लास्टर एकमेकांवर आपटत होता. भाचीने फोन त्याच्या कानाशी धरला. सहायक विचारत होता, "मामा, कशी झाली?"

"झकास झाली," मामा म्हणाला. मग घाईघाईने म्हणाला, "इथे गिऱ्हाईक नाही हं. झकास म्हणजे झकासच."

दुसऱ्यांदा फिल्म संपली तेव्हा बाई उठल्या आणि कुणाशी काही न बोलता बाहेर तलावाकडे चालू लागल्या. मागे सगळं सभागृह. काठावर पोचून त्या वळल्या, गळ्यातली शिट्टी तोंडाला लावली आणि वाजवली. बस्स. अर्धं गाव चांगल्या कपड्यांनिशी पाण्यात! डॉक्टर, शिंपी, दोन पोलीस, एक नुकतीच लग्न झालेली जोडी. तलाव असा उसळला की रस्त्यावरच्या दुकानदारांनी पायऱ्यांवरचा माल उचलून आत घेतला. मामाला चौघांनी धरून ठेवलं, नाहीतर तोही गेला असता प्लास्टरसकट.

गर्दीच्या रेट्यात अध्यक्षही पडले. आणि तेव्हा गावाला कळलं, की तलाव समितीच्या अध्यक्षांना पोहता येत नाही. ते हातपाय झाडत ओरडत होते, "वाचवा, मी अध्यक्ष आहे!" बाई सावकाश पाण्यात उतरल्या, त्यांच्या पाठीखाली हात घातला आणि म्हणाल्या, "तोंड मिटा. मिटलं की आपोआप तरंगाल."

अध्यक्षांनी तोंड मिटलं, आणि बुचासारखे वर आले.