जहांआराच्या चिंध्या
रहीमचाचांनी नक्षा माझ्या हातात ठेवला, तेव्हा एकच गोष्ट बजावली होती. "जसा हाय तसाच आण, बेटा. एक दोरा हलवू नको." मी एकही दोरा हलवला नाही. चिंध्या मात्र कापल्या.

मी सायली. ऑनलाइन संग्रहालयाचं काम करते. कॉलेजातल्या पोरांनी आपल्या शहरातल्या जुन्या वस्तू मोबाइलवर बोटानं फिरवून बघाव्यात, एवढंच माझं काम. पोरांना कळकट काही आवडत नाही, असं माझं ठाम मत होतं. माझी मतं नेहमी ठामच असतात आणि निस्तरावं दुसऱ्यांना लागतं.

नक्षा म्हणजे हिमरू कापडाच्या हातमागावर टांगलेलं दोऱ्यांचं जाळं. कुठला दोरा कधी ओढला की कापडावर फूल उमटेल, ते सगळं त्यात बांधलेलं असतं. नवाबपुऱ्यात राहणाऱ्या चाचांकडे असा एकच उरला होता. त्याच्यावर ते नातीच्या, महेजबीनच्या लग्नासाठी शाल विणत होते. शाल अर्धी झाली होती, म्हणून नक्षा द्यायला ते तयार नव्हते. मी आठवडाभर त्यांच्या मागे लागले. "चाचा, एकदा आमच्याकडे आलं की मोबाइलात कायमचं जपलेलं राहतं," असं शंभरदा सांगितलं. शेवटी त्यांनी तो दोन दिवसांसाठी उतरवून दिला.

फोटोच्या दिव्यांखाली दोऱ्यांवर जुन्या ओढणीच्या चिंध्या लोंबताना दिसल्या. लाल, विटक्या, तेलकट. फोन करून विचारता आलं असतं. नाही विचारलं. कात्रीनं भराभर कापल्या आणि कचऱ्यात टाकल्या. फोटो इतके देखणे आले की पहिल्याच दिवशी पोरांनी धडाधड पुढे पाठवले. मला आकाश ठेंगणं झालं.

तिसऱ्या दिवशी चाचांनी नक्षा परत मागावर चढवला. त्यांना आता फारसं दिसत नाही. बोटं दोऱ्यांवरून फिरली, थांबली, परत फिरली.

"चिंध्या कुठं गेल्या?"

मी दोऱ्यांकडे बघितलं.

"जहांआरानं बांधल्या व्हत्या. माझी नजर गेली तवा. एक गाठ म्हंजी फूल, दोन गाठी म्हंजी पान. हातालाच कळायचं."

जहांआराचाची जाऊन दोन वर्षं झालीत. हा नक्षा त्यांच्याच हातचा.

"वाटंत गळाल्या असतील," चाचा आपणच म्हणाले. माझ्यावर संशय घेणं त्यांच्या मनातही आलं नाही. "पर तूच म्हनली ना, मोबाइलात समदं जपलेलं राहतं? त्यात बघून सांग, कुठं कुठं व्हत्या. आपण परत बांधू."

मी मोबाइल काढला. नक्षा पडद्यावर गोल फिरला, चकाचक. खाली कुणीतरी लिहिलं होतं, 'किती क्लीन आहे यार!' माझी मलाच शिसारी आली. वाटेत गळाल्या, एवढं म्हटलं असतं तरी त्यांनी मानलं असतं.

"दिसल्या का?"

"नाही, चाचा. फोटोच्या आधी मीच कापल्या. घाण दिसत होत्या म्हणून."

त्यांनी मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं. ते शालीवर हात फिरवत राहिले. शेवटचं फूल अर्धंच उमटलं होतं, तिथं त्यांचं बोट थांबलं.

"आत महेजबीन हाय," ते म्हणाले. "शाल आता पुरी व्हत नाय, ते तिला तूच सांग, बेटा. माझ्याच्यानं व्हणार नाय."